ऑयलरने टाळलेले भागाकार
(लेखांक ७)

मागच्या लेखात मर्सेनची १६४४ सालची यादी पाहिली. तिच्यात ३१ होता, म्हणजे २ चा ३१ वा घात उणे १ ही संख्या मूळ आहे असा मर्सेनचा दावा होता. ही संख्या म्हणजे २,१४,७४,८३,६४७. दावा खरा होता, पण तो सिद्ध व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं जावी लागली.

सिद्ध केला लेओनार्ड ऑयलरने. त्याचा निकाल १७७२ मध्ये एका पत्रातून प्रसिद्ध झाला. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

सरळ रस्ता शाळेतलाच. या संख्येचं वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित खाली येतं. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग देऊन पाहायचा, आणि अशा मूळ संख्या सुमारे ४,८०० आहेत. ऑयलरने आधी विचारलं: या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर ती कशी असावी लागेल?

तिला क म्हणू. क ने भाग जातो, म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (क – १) व्या घाताचीही बाकी १ च. आता ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरायच्या तर (क – १) ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क विषम असल्याने (क – १) सम, म्हणून ६२ नेही भाग जाणार. इथेच बहुतेक उमेदवार बाद झाले!

आणखी एक चाळणी आहे आणि मला ती जास्त देखणी वाटते. २ च्या ३२ व्या घाताची बाकी २ येते, आणि ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे क ने भागल्यावर २ ही एका वर्गाची बाकी ठरते. असं घडतं ते फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी देणाऱ्या मूळ संख्यांच्या बाबतीत. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च यावी लागते.

करून पाहा. ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५... यांत ६३ ला ३ ने भाग जातो, २४९ लाही. ३११ मूळ आहे. २,१४,७४,८३,६४७ ला ३११ ने भागलं की बाकी ३५. पुढची मूळ संख्या थेट १३०३! तिच्याआधी दोनशेहून अधिक मूळ संख्या आहेत, आणि त्या सगळ्यांसाठी एकच भागाकार पुरला. वर्गमूळापर्यंत अशा जागा ३७३ आणि त्यांतल्याही बहुतेक मूळ नाहीत. उरलेल्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही. पुढची आठ दशकं तरी याहून मोठी मूळ संख्या कुणाला सिद्ध करता आली नाही.

संगणकात चिन्हासकट ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा पूर्णांकही २,१४,७४,८३,६४७ हाच. १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी जुनी संगणकप्रणाली १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या संख्येवर पोहोचेल आणि पुढच्या सेकंदाला तिची मोजणी ऋण होईल.

घात ३१ ऐवजी १२७ असेल तर मात्र चाळण्या लावूनही भागाकार संपत नाहीत. १८७६ मध्ये एदुआर लुकाने एकही संभाव्य भाजक न तपासता ती संख्या मूळ ठरवली. ती चाचणी पुढच्या आठवड्यात.