"दुखलं की सांगेल" हा हिशोबच चुकीचा

आजचा भाग छोटा आहे, पण हॉस्टेलच्या रूमवर, गच्चीवर, जिमच्या मॅटवर मित्रांशी मस्तीत कुस्ती खेळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे.

आधी माझी चूक सांगतो. कॉलेजला असताना रूमवर आम्ही दोघं झटत होतो. मोबाइलवर फाइट बघून शिकलेली पकड मी टाकली. मागून हात गळ्याभोवती, कोपर हनुवटीखाली, आणि आवळलं. तो ओरडला नाही, खोकला नाही. मला वाटलं, गडी टिकून आहे. आणि एकदम त्याचं अंग सैल पडलं. मी सोडलं. काही सेकंदांनी त्याने डोळे उघडले, "काय झालं रे?" म्हणाला. बाकीचे हसले. माझे हात मात्र थरथरत होते.

नेमकं काय झालं होतं? मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. अशा पकडीत त्या दोन्ही दाबल्या जातात आणि साधारण १० सेकंदांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. गंमत म्हणजे श्वास चालू असू शकतो, फारसं दुखतही नाही. दुखतं ते हात समोरून श्वासनलिकेवर आला तर, आणि तिथे स्वरयंत्राला इजा होण्याची भीती.

दुसरी पकड म्हणजे पायांची कैची, पोटाला किंवा बरगड्यांना. समोरचा श्वास सोडतो, तेवढ्यात आपण अजून आवळतो. पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. आणि छातीत हवाच नसेल तर "सोड" हा शब्द तरी कुठून येणार? जोर जास्त झाला तर बरगडीही मोडू शकते.

म्हणूनच ज्युदोत गळ्याचे डाव चालतात, पण पंचाच्या नजरेखाली. आणि पायांनी धड आवळायला तिथेही बंदी आहे. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत गळा दाबणं आणि पाय अडकवून घातलेली कैची, दोन्हीला मनाई. आपल्या लाल मातीतही कुस्ती निकाली होते ती चीतपट करून, श्वास कोंडून नाही.

मग आपण काय करायचं? वस्ताद किंवा कोच समोर नसेल तर गळ्याची पकड नकोच. खेळायच्या आधी खूण ठरवा: हाताने दोनदा थाप, हात अडकला तर पायाने. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं, "अजून एक सेकंद" नाही. आणि लक्ष ठेवायची जबाबदारी आवळणाऱ्याची. समोरचा गप्प झाला, ढिला पडला, की सोडा.

कोणी बेशुद्ध पडलाच तर पकड सोडा, श्वास बघा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. श्वास नसेल तर फोन स्पीकरवर ठेवून छाती दाबायला लागा. शुद्धीवर आला तरी त्या दिवशी पुन्हा कुस्ती नाही, आणि डॉक्टरला दाखवाच. पुढच्या काही दिवसांत आवाज बसला, गिळताना दुखलं, मान किंवा डोकं खूप दुखलं, एका बाजूचा हातपाय जड झाला, तर लगेच हॉस्पिटल. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल तर पक्षाघात उशिराही येऊ शकतो.

माझा मित्र ठणठणीत आहे. पण ते माझ्या शहाणपणामुळे नाही, नशिबामुळे. तुम्ही नशिबावर सोडू नका. हा भाग रूममेटला पाठवा. भेटू पुढच्या भागात!