परजीवी रोगांतील रक्तशोधन

परजीवी रोगांतील रक्तशोधन : परजीवींच्या (दुसऱ्या सजीवावर उपजीविका करणाऱ्या जीवांच्या) गंभीर संसर्गात रोग्याचे रक्त शरीराबाहेर आणून त्यातील ग्रस्त कोशिका (पेशी), कृमी किंवा साचलेली अपायकारक द्रव्ये वेगळी करणे आणि उरलेले रक्त, आवश्यक तर दात्याच्या रक्ताची भर घालून, परत शरीरात सोडणे, या उपचारास रक्तशोधन म्हणतात. लोकव्यवहारात ‘रक्तशुद्धी’साठी घेतल्या जाणाऱ्या काढ्यांशी या उपचाराचा संबंध नाही. हा उपचार औषधाला पूरक आहे. औषधाचा पर्याय नव्हे.

रोगप्रक्रिया : भारतात या उपचाराचा विचार मुख्यतः प्लास्मोडियम फाल्सिपेरम या प्रजीवामुळे (एककोशिक प्राण्यामुळे) होणाऱ्या हिवतापात करावा लागतो. ॲनॉफेलीस डासाच्या मादीच्या दंशातून शरीरात शिरलेले हे प्रजीव प्रथम यकृतात व नंतर रक्तातील तांबड्या कोशिकांत वाढतात. तांबड्या कोशिकांतील त्यांचे जीवनचक्र सु. ४८ तासांचे असते. चक्राच्या उत्तरार्धात ग्रस्त कोशिका मेंदू, वृक्क (मूत्रपिंड) इ. इंद्रियांतील केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. परिणामी तेथील रक्तप्रवाह मंदावतो, रोगी बेशुद्ध होतो किंवा मूत्रोत्पादन थांबते. अशा चिकटलेल्या कोशिका अभिसरणात नसल्याने बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात त्या दिसत नाहीत आणि शरीराबाहेरील यंत्रापर्यंतही पोहोचत नाहीत. रक्तशोधनाची मुख्य मर्यादा हीच होय.

पद्धती : (१) रक्तविनिमय : रोग्याचे रक्त थोडेथोडे काढून तितकेच दात्याचे रक्त देतात. प्रौढाच्या शरीरात सु. ५ लिटर रक्त असते. तेवढे सर्व रक्त अशा रीतीने सतत बदलत गेले, तरी मूळ कोशिकांपैकी सु. ३७% शरीरात उरतात. कारण नवे रक्त जुन्यात मिसळत असते व काढलेल्या रक्तात दोन्हींचा अंश जातो. (२) कोशिका-पृथक्करण : केंद्रोत्सारक यंत्रात रक्त वेगाने फिरवून घनतेनुसार त्याचे घटक वेगळे करतात. तांबड्या कोशिका काढून त्यांच्या जागी दात्याच्या कोशिका देतात व रोग्याचा रक्तद्रव त्याला परत मिळतो. (३) अपोहन अथवा डायालिसिस : अर्धपार्य पटलातून यूरियासारखे लहान रेणू बाहेर जातात. सु. ७ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी कोशिका मात्र पटलाच्या सूक्ष्म छिद्रांतून जाऊ शकत नाही. त्यामुळे अपोहनाने प्रजीव कमी होत नाहीत. निकामी झालेल्या वृक्कांचे काम तेवढे केले जाते.

उपयुक्ततेचा निर्णय : फाल्सिपेरम हिवतापावर रक्तविनिमयाचा प्रयोग १९७४ मध्ये नोंदला गेला. पुढे १०% हून अधिक तांबड्या कोशिका ग्रस्त असल्यास तो करावा, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जाई. तथापि त्यामुळे मृत्यू कमी होतात, असे सिद्ध न झाल्याने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये ही शिफारस मागे घेतली. दरम्यान आर्टेसुनेट हे औषध पुढे आले होते. भारतासह आशियातील चार देशांतील १,४६१ रोग्यांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीन दिलेल्यांपैकी २२%, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५% रोगी दगावले. हे औषध कोवळ्या प्रजीवांना, ग्रस्त कोशिका केशवाहिन्यांना चिकटण्यापूर्वीच मारते. मेलेले प्रजीव प्लीहा ही शरीराची स्वतःची गाळणी तांबड्या कोशिकांतून काढून टाकते आणि कोशिका पुन्हा अभिसरणात येतात. या कोशिका अल्पायुषी असल्याने एक ते तीन आठवड्यांनी रक्तक्षय उद्भवू शकतो; म्हणून रोगी बरा झाल्यावरही रक्ततपासणी करावी लागते.

अपोहनाचे महत्त्व मात्र कायम आहे. हिवतापात बंद पडलेली वृक्के, रोगी तेवढा काळ तगल्यास, बहुधा पूर्ववत होतात. व्हिएटनाममधील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० रोगी होते व त्यांपैकी ४८ हिवतापाचे होते. पोटाच्या पोकळीत द्रव सोडून केलेल्या अपोहनात मृत्युप्रमाण ४७%, तर यंत्राद्वारे रक्त गाळण्याच्या पद्धतीत ते १५% आढळले.

इतर रोग : गोचिडांमार्फत पसरणाऱ्या बाबेसिया प्रजीवांच्या तीव्र संसर्गात रक्तविनिमय आजही सुचवितात. आफ्रिकेतील लोआ लोआ कृमींची सूक्ष्म पिल्ले रक्तात फार असताना औषध दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून आधी पृथक्करणाने त्यांची संख्या कमी करतात. महाराष्ट्रातील हत्तीरोगात प्रौढ कृमी लसीका वाहिन्यांत राहत असल्याने रक्त गाळून तो बरा होत नाही.

बारामती व इंदापूर तालुके : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील हे तालुके मुळात अवर्षणप्रवण आहेत. नीरा डावा कालवा व भीमेवरील उजनी जलाशय यांमुळे येथे बागायत व ऊस वाढला. कालवे, पाझर व साचलेले पाणी यांत ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीज हा ग्रामीण भागातील प्रमुख वाहक डास वाढतो. राज्यातील फाल्सिपेरम हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर असला, तरी जेथे पाणी आहे आणि ऊसतोडणीसाठी दरवर्षी दूरवरून मजूर येतात, तेथे थंडीतापाच्या रोग्याची रक्ततपासणी टाळणे धोक्याचे असते. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमानुसार २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून गरीब रोग्यांसाठी अपोहनाची सोय होऊ लागली. कोशिका-पृथक्करणाची यंत्रे, प्रशिक्षित तंत्रज्ञ व पुरेसे रक्त ही मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत मिळतात. बारामतीहून पुणे सु. १०० किमी., तर इंदापुराहून सु. १३५ किमी. आहे. या प्रवासातील तास रोग्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. म्हणून गंभीर हिवतापाच्या रोग्यास मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी आर्टेसुनेटची पहिली मात्रा टोचून द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहा वर्षांखालील मुलांना, इंजेक्शन शक्य नसल्यास, ती गुदमार्गे देतात. शुद्धीवर आल्यावर तोंडाने घ्यावयाच्या संयुक्त औषधांचा क्रम पुरा करणे आवश्यक असते. यंत्राने रक्त गाळण्याची वेळ येण्यापूर्वीच काचपट्टीवरील रक्ताच्या थेंबाची तपासणी व औषधाची वेळेवर मिळालेली मात्रा बहुतेकांचे प्राण वाचवू शकते.