पेजमेकर गेला, फाइली अडकल्या

पानं लावायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न मराठी डीटीपीवाल्यापुढे मोकळेपणानं कधी आलाच नाही. १९८५ साली आल्डस कंपनीचा पेजमेकर मॅकिन्टॉशवर आला. अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट त्याच्या जोडीला होती. दोनच वर्षांनी क्वार्क एक्सप्रेस आलं. परदेशात या दोघांची तुलना व्हायची ती कॉलम, रंग आणि अक्षरांमधली अंतरं यांवरून. आपल्याकडे आधी विचारलं जायचं, यात मराठी उमटणार कसं?

त्याचं उत्तर बरंचसं पुण्यातच तयार झालं. सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे, ही त्यातली युक्ती. काना एका जागी, अर्धा स दुसऱ्या, रफार तिसऱ्या. पेजमेकरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असल्यामुळे काम बिनतक्रार चालायचं. खिळे जुळवणाऱ्या गावोगावच्या छापखान्यांना या युक्तीनं नवं आयुष्य दिलं, हे मान्यच करायला हवं. बटर पेपरवर प्रिंट काढा, पेस्टिंग करा, प्लेट करा. कितीतरी दिवाळी अंक असेच निघाले.

पण प्रत्येक कंपनीचा तुकड्यांचा नकाशा वेगळा होता. त्यामुळे निवड व्हायची ती फॉन्टची. तो ज्यात चालेल ते सॉफ्टवेअर घ्यायचं आणि ज्या छापखान्यात तो असेल तिथेच काम द्यायचं. त्या वेळी हे कुणाला खटकलं नाही.

खटकलं ते दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी. अडोबीनं १९९४ मध्ये आल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन काढलं आणि २००१ नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आली नाही. एका कथासंग्रहाची जुनी सीडी माझ्याकडे आली तेव्हा फाइल उघडली, चौकटी जागच्या जागी होत्या, पण मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांच्या ओळीच्या ओळी. फॉन्ट कुठेच मिळेना. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. लेखकानं प्रुफं तपासून केलेली मेहनत त्या फाइलीतच गाडली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडकडे लोक का वळले नाहीत? वळायला जागा नव्हती. २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपर्यंत इनडिझाइनला देवनागरी नीट जमत नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायचे. लेखक मात्र तोवर युनिकोडमध्ये लिहून ईमेल करू लागले होते. मधे आले युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टच्या नकाशात बदलणारे कन्व्हर्टर. त्यांतून ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ व्हायचं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’. स्पेलचेक नाही, शोधायची सोय नाही. सगळा भार मुद्रितशोधकाच्या डोळ्यांवर.

आज परिस्थिती खूपच बरी आहे. मुक्त असलेल्या स्क्रायबसनं २०१७ च्या १.५.३ मध्ये हार्फबझ घेतलं, म्हणजे जोडाक्षरं जुळवण्याची यंत्रणा. २०२४ मध्ये स्थिर १.६ आलं. ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा असे चांगले फॉन्ट विनामूल्य मिळतात. छोट्या प्रकाशकानं स्क्रायबस जरूर वापरून पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मासिकाचं काम सतत असेल आणि छापखाना इनडिझाइनचीच फाइल मागत असेल, तर त्याचं भाडं परवडतं. २०१९ चं अ‍ॅफिनिटी पब्लिशर स्वस्त आणि देखणं होतं, पण आलं तेव्हा त्याला देवनागरी जुळवता येत नव्हती. मराठीसाठी तिथेच विषय संपला.

घेण्याआधी एक परिच्छेद लावून पाहावा, त्यात ‘दऱ्या’, ‘सूर्य’, ‘उद्ध्वस्त’, ‘लेखनशैली’ असे शब्द घालावेत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, जे राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयातही आहेत, ते येतात का पाहावं. काही फॉन्टांत परिच्छेदाची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते येत नाहीत. पीडीएफमधून मजकूर परत उचलून पाहावा. युनिकोड असूनही तो अनेकदा मोडतो. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या फक्त लेआउटच्या फाइलीत असतात, लेखकाच्या मूळ फाइलीत नसतात. म्हणून अंक छापायला गेला की त्याच दिवशी सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत एक्स्पोर्ट करून लेखकाला पाठवून द्यावा.