फिलर इंजेक्शनची वेदना : शमनापूर्वी निदान

चेहऱ्यावर फिलर टोचून घेतलेले रुग्ण वेदनेसाठी आम्हां वैद्यांकडे लेप वा गोळी मागतात. टोचण्यापूर्वी लावलेले बधिर करणारे मलम, बर्फ आणि फिलरमध्येच मिसळलेले लिडोकेन यांनी नेहमीची वेदना सुसह्य होते. परंतु वाढती वेदना, त्वचेचा पांढरेपणा वा जाळीसारखी निळसर छटा ही रक्तवाहिनी अवरुद्ध झाल्याची लक्षणे असू शकतात. लिडोकेनमुळे वेदना लपतेही. म्हणून आम्ही आधी त्वचेचा वर्ण पाहतो. अशा वेळी लेप, अभ्यंग वा वेदनाशामक यांत वेळ दवडू नये; औषधविक्रेत्या बंधूंनीही हे ध्यानी ठेवावे. रुग्णास तत्काळ इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावे. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर हायल्युरोनिडेजने विरघळवता येतो. दृष्टी अंधुक झाल्यास थेट नेत्रविभाग असलेले रुग्णालय गाठावे.