नवजात शिशूचा न्यूमोनिया व छातीची फिजिओथेरपी

नवजात शिशूस न्यूमोनिया झाला म्हणजे ‘छातीत कफ दाटला आहे, थोपटून मोकळा करून द्या’, अशी मागणी घरची वडीलधारी मंडळी वैद्यांकडे हक्काने करतात. कफाचे निर्हरण आपल्या शास्त्रास परिचित असल्याने ही मागणी युक्त वाटते. तथापि या वयात ती तपासून घेणे अगत्याचे आहे.

छाती थोपटणे, कंपन देणे व शरीराची स्थिती बदलणे या क्रियांनी मोठ्या श्वासनलिकांतील स्राव सुटतो. न्यूमोनियात मुख्य विकृती वायुकोशांत असते. तेथे साचलेला शोथस्राव थोपटण्याने बाहेर येत नाही. बालकांच्या न्यूमोनियावरील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणांतही या उपचाराचा निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही. धोका मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १९९२ ते १९९४ या काळात २४ ते २७ आठवड्यांतच जन्मलेल्या १३ शिशूंत विशिष्ट मेंदूविकृती आढळली. या शिशूंना छातीची फिजिओथेरपी इतरांहून अधिक वेळा मिळाली होती, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. थोपटताना होणारी डोक्याची हालचाल हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

फुप्फुसाचा एखादा भाग मिटल्यास वा स्राव फार साचल्यास रुग्णालयात प्राणवायूचे मापन चालू ठेवून, डोके स्थिर धरून, प्रशिक्षित व्यक्ती हा उपचार देतात. दवाखान्यात वा घरी तो करू नये.

अशा वेळी आम्ही प्रथम घड्याळ हाती घेतो. शिशू शांत असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजतो. २ महिन्यांखालील शिशूत ते ६० वा अधिक भरल्यास पुन्हा मोजतो. दुसऱ्यांदाही तितकेच भरणे, छाती खोल आत ओढली जाणे, कण्हणे, दूध न ओढणे, ताप येणे वा अंग गार पडणे, यांपैकी एकही लक्षण असता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून शिशूस रुग्णालयात पाठवितो. वाटेत शिशूस मातेच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून नवा दाह उत्पन्न करते. नवज्वरात अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे, याचेही स्मरण असावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी बाळासाठी कफाचे औषध वा कापूरयुक्त मलम मागणाऱ्यास आधी बाळाचे वय विचारावे. बाळ नवजात असल्यास औषध न देता त्यास त्वरित चिकित्सकाकडे धाडावे, ही आमची विनंती आहे.