दुकानाचं पान उडालं, मग शिकायला लागलो

वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी हळूच जवळ येऊन विचारतंच, "सर, आपल्या बिझनेसचं विकिपीडियावर पान करायला किती खर्च येतो?" मला हसू येतं. कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

२०२० चा मार्च. लॉकडाऊन लागला आणि आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान काही अत्यावश्यक सेवेत बसत नव्हतं. नाशिकमध्ये हा धंदा जुना, आणि आमचं दुकान आजोबांपासूनचं. शटर खाली, लग्नसराईचा माल गोदामात अडकलेला, आणि मी घरात मोबाईल चाळत बसलेलो. बीबीएला शिकलेलं 'ब्रँड बिल्डिंग' आठवलं. मराठी विकिपीडियावर खातं उघडलं आणि दुकानाचं पान ठोकून दिलं. 'उत्तर महाराष्ट्रातील सर्वात विश्वासार्ह दालन', 'तीन पिढ्यांची सेवा' आणि शेवटी फोन नंबर! काही तासांत पान गायब. निरोप आला होता: मजकूर जाहिरातीचा वाटतो, उल्लेखनीयता दिसत नाही, नवीन असाल तर आधी धूळपाटीवर सराव करा.

मी भडकलो. तीन पिढ्या चाललेलं दुकान आणि उल्लेखनीय नाही? दोन दिवसांनी डोकं शांत झालं, मग नियम वाचले. तिथे उल्लेखनीय म्हणजे 'चांगलं' नव्हेच. तुमच्याशी देणंघेणं नसलेल्या लोकांनी, भरवशाच्या ठिकाणी, तुमच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघतात. आमच्याबद्दल कोणी ओळही लिहिलेली नव्हती. विषय संपला. चूक शंभर टक्के माझी होती.

(जाता जाता: 'पैसे द्या, पान बनवून देतो' असे फोन तुम्हालाही येतील. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते उघडपणे सांगितलं पाहिजे, असा विकिमीडियाचा नियम २०१४ पासून आहे. आणि सांगितलं तरी पान टिकेलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. पैसे वाचवा.)

पण तो 'धूळपाटी' शब्द डोक्यात राहिला. पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची ती धूळपाटी. चुकलं की हात फिरवायचा, परत लिहायचं. सामायिक चर्चेच्या पानाला तिथे 'चावडी' म्हणतात. १ मे २००३ ला सुरू झालेलं हे काम पगाराविना चालतं. शिक्षक, इंजिनियर, विद्यार्थी, निवृत्त माणसं, ज्याला जमेल तो लिहितो. म्हटलं, दुकान राहू दे, आपल्याला भांडी तर कळतात ना.

कळतात, हा माझा गैरसमज होता. पितळेबद्दल लिहिताना मी ठोकून दिलं, 'पितळ म्हणजे तांबे आणि कथिल'. कोणीतरी लगेच दुरुस्त केलं: तांबे आणि जस्त म्हणजे पितळ, तांबे आणि कथिल म्हणजे कांसे. खाली संदर्भही जोडला होता. मंडळी, आठ-नऊ वर्षं मी काउंटरवर कस्टमरला चुकीचं सांगत आलो होतो आणि एकालाही शंका आली नव्हती. कल्हईला कथिल लागतं, तेच डोक्यात घट्ट बसलेलं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "पितळेत जस्तच. तू कधी विचारलंस?"

त्या अनोळखी माणसाने मला वेड्यात काढलं नाही. नुसता शब्द बदलला आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याचे आभार मानले, तर त्याने उलट विचारलं, "कल्हई कशी करतात, ते नीट लिहाल का? तुमच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट आहे."

रोजच्या बघण्यातली, खरंच. भांडं घासून भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघतो. मग कथिल टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. कथिल २३२ अंशांला वितळतं आणि तांबं १०८५ ला, म्हणून तर हा खेळ जमतो. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी ठेवली की ती का कळकते, हेही मला लिहायचं होतं. बाबांनी एका बैठकीत सगळं सांगितलं. मी लिहिलं. आणि शेजारी खूण येऊन बसली: संदर्भ हवा.

"संदर्भ म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"छापलेलं काहीतरी. पुस्तक, विश्वकोश, अभ्यासकाचा लेख."

"आणि माझी पंचेचाळीस वर्षं?"

मला उत्तर देता आलं नाही. नियम मला पटतो. उद्या कोणीही उठून 'आमचे बाबा सांगतात' म्हणून काहीही लिहील. पण आमच्या बाजारातले कल्हईवाले, ठोक्याचं काम करणारे कारागीर, यांच्याबद्दल छापलेलं असतंच किती? जे छापलं गेलं नाही, ते तिथे नाही. हे मला आजही खटकतं आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

निर्बंध सैल झाल्यावर सार्वजनिक वाचनालय गाठलं. नाशिकमध्ये ते १८४० पासून उभं आहे आणि मी शाळा सुटल्यावर तिकडे फिरकलो नव्हतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची सुरुवात केली, त्या मराठी विश्वकोशात धातूंवरच्या नोंदी मिळाल्या. तिथेच डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाशी ओळख झाली. त्यांनी २३ खंडांच्या कामासाठी लिमिटेड कंपनी काढली आणि लोकांना शेअर्स विकले. आपण भांडवल उभारणीचे धडे स्टार्टअपच्या गोष्टींतून घेतो, आणि हा माणूस शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोशासाठी भागधारक गोळा करत होता! त्यांच्यावर एक वेगळा व्हिडिओ नक्की करणार.

या सवयीचा फटका दुकानाला बसला. आमच्या काउंटरमागे एक बोर्ड होता, 'तांब्याचे पाणी प्या: वजन घटवा, सांधेदुखी घालवा, रक्तदाब काबूत'. तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जिवाणू तग धरत नाहीत, याला प्रयोगांचा आधार सापडला. वजन आणि सांधेदुखीला, शोधूनही, भरवशाचा एकही सापडला नाही. जे मी विकिपीडियावर दोन मिनिटं टिकवू शकत नाही, ते कस्टमरच्या तोंडावर रोज सांगतोय. बोर्ड उतरवला. बाबा चिडले, कारण त्या बोर्डावर बाटल्या खपत होत्या. पुढचे काही महिने बाटल्यांची विक्री खरंच घसरली. लपवत नाही.

मग मी फोटोंकडे वळलो. फोटोला संदर्भ लागत नाही, वस्तू समोर दिसते. बंब, घंगाळ, परात, ओगराळं, एकेक वस्तू पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढले आणि मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवले. घंगाळाच्या नावावरून चांगलीच चर्चा रंगली. कोणी म्हणे 'घंगाळ', कोणी म्हणे 'गंगाळ', प्रत्येकाच्या आजीचा दाखला तयार. शेवटी वर्णनात दोन्ही ठेवली. पुढे आमच्या बंबाचा फोटो दुसऱ्या गावातल्या एका दुकानदाराच्या जाहिरातीत दिसला. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मीच निवडलेला परवाना पुन्हा वाचला: धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक आहे, फक्त श्रेय द्यावं लागतं. फोन करून तेवढंच मागितलं. पुढच्या जाहिरातीत कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव आलं. आता आम्ही एकमेकांना माल पाठवतो.

यातून धंदा किती झाला, हे तुम्ही विचारणारच. तिथून थेट ऑर्डर आजवर शून्य. हो, मालाची माहिती लिहिताना हात आता सरळ चालतो. धातू कोणता, वजन किती, कल्हई आहे की नाही, एवढं स्पष्ट लिहिल्यापासून 'हे असं का निघालं' म्हणणारे फोन कमी झालेत.

पण मला लक्षात राहिलेला दिवस वेगळाच आहे. एका सदस्याने जुन्या वाड्यात सापडलेल्या भांड्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "भांडीवाले दादा, हे काय आहे?" नाव नाही, दुकान नाही, भांडीवाले दादा. मलाही ओळखेना. फोटो बाबांसमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने फोटो मोठा केला, झाकणाची कडी बघितली आणि म्हणाले, "प्रवासातला पाण्याचा फिरकीचा तांब्या आहे. झाकण फिरवून बसतं. आणखी आहेत का फोटो त्याच्याकडे?"

आता रविवारी सकाळी आम्ही कल्हईचं चित्रीकरण करतो. मागच्या रविवारी पूर्ण क्लिप झाल्यावर बाबा म्हणाले, नवसागर उशिरा पडला, परत घ्या. कल्हईवाले काका वैतागले. पातेलं परत भट्टीवर चढलं.