गोल तेवढेच, काळ वेगळा

६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओवेच्किनने ८९५वा गोल मारला आणि आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमधला वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. विशेष म्हणजे तो त्याचा १४८७वा सामना होता, आणि ग्रेट्झ्कीही बरोबर १४८७ सामने खेळून १९९९मध्ये निवृत्त झाला होता. सामने तेवढेच, गोल एक जास्त. तरी एवढ्यावर निकाल देणं मला चुकीचं वाटतं.

१९८१-८२च्या मोसमात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. २००७-०८मध्ये ही सरासरी साडेपाचच्या आसपास आली. मधल्या काळात गोलरक्षणाची कला पालटली होती. गुडघे बर्फावर टेकून, पाय दोन्ही बाजूंना पसरून गोलची खालची जागा बंद करणारी ‘बटरफ्लाय’ शैली रुळली, पॅड हलके झाले. पूर्वी शंभरातले सुमारे ८७ फटके अडत, पुढे ९१ अडू लागले. फरक किरकोळ भासतो, पण आत जाणारे फटके १३वरून ९वर आले, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने घटले!

जुना पगार आजच्या पगाराशी ताडून पाहताना आपण महागाई धरतो, तसंच इथे करायला हवं. १९८१-८२मध्ये ग्रेट्झ्कीने ८० सामन्यांत ९२ गोल केले, म्हणजे सामन्यामागे १.१५. याला साडेपाचने गुणून आठने भागलं, की ०.७९ येतात. ओवेच्किनने २००७-०८मध्ये ८२ सामन्यांत ६५ गोल केले. सामन्यामागे तेही ०.७९च. सत्तावीस गोलांची दरी एका भागाकारात बुजते.

अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. लीगमधले गोल घटले की प्रत्येक खेळाडूचे त्याच प्रमाणात घटतात, असं तो धरून चालतो. शिवाय आठची ती सरासरी वर चढवण्यात ग्रेट्झ्कीच्या एडमंटन ऑयलर्सचाही हात होता. त्या मोसमात ४१७ गोल करून ४००चा टप्पा ओलांडणारा तो लीगमधला पहिला संघ ठरला.

नेमबाज म्हणून मी ओवेच्किनलाच वर ठेवेन. डाव्या बाजूने येणारा त्याचा फटका सगळ्यांना ठाऊक असूनही अडत नसे. पण संपूर्ण आघाडीपटू निवडायचा तर ग्रेट्झ्कीच. त्याच्या खात्यात १९६३ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलाला हातभार लावणारे पास, आहेत. एकूण गुणांत त्याच्यामागे असलेल्या यारोमिर यागरचे गोल आणि असिस्ट मिळूनही १९२१च भरतात.